नाशिकच्या काळ्या कातळाखाली ज्वालामुखी आहे का?

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका पालकांचा आहे. त्यांनी लिहिलं आहे: "सर, मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखी आणि भूकंप दोन्ही भूपट्टांच्या हालचालींमुळे होतात असं दिलंय. आपल्याकडचा सगळा खडक ज्वालामुखीचा. वर्षाआड कधी दिंडोरीत, कधी पेठ-कळवणकडे सौम्य धक्के बसतात. मग खाली अजून लाव्हा उकळतोय का? ब्रह्मगिरी झोपलेला ज्वालामुखी आहे असंही गावात म्हणतात. मुलगी घाबरली आहे, आणि आम्ही नवीन घराचा पाया खणायला काढलाय."

आधी सरळ उत्तरं देतो. नाशिकखाली लाव्हा उकळत नाही. ब्रह्मगिरी हा झोपलेला ज्वालामुखी नाही. तुमच्याकडच्या धक्क्यांचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. घर मात्र भूकंपाचा विचार करूनच बांधा. मुलीला हे परस्परविरोधी वाटेल, कारण पुस्तकात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात आणि एकाच नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. भूपट्ट सरकतात म्हणून दोन्ही होतं हे बरोबर आहे, पण भूकंप होतो तो खडक तुटल्यामुळे आणि ज्वालामुखी होतो तो खडक वितळल्यामुळे. कुठे नुसतं तुटतं, कुठे नुसतं वितळतं, कुठे दोन्ही. कुठल्याही जागेबद्दल प्रश्न पडला की आधी हेच विचारायचं: इथे खडक तुटतोय की वितळतोय?

भीतीचं मूळ बहुतेकदा एका चित्रात असतं. पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र आहे आणि जमीन त्यावर तरंगते, असं ते चित्र. तसं नाही. भूकवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते जवळपास पूर्ण घन आहे. हे कशावरून? भूकंपाच्या ज्या लहरी खडकाला आडव्या हलवत जातात, त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात, आणि त्याखालच्या बाह्य गाभ्यापाशी मात्र अडतात. तो गाभा द्रवरूप आहे, पण तिथे आहे वितळलेलं लोह, आणि त्याचा आपल्या ज्वालामुखींशी संबंध नाही.

घन असूनही प्रावरणाचा खडक प्रचंड उष्णता आणि दाबाखाली अतिशय सावकाश वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर. त्याच्यावर सुमारे १०० किलोमीटर जाडीचे, थंड आणि टणक भूपट्ट आहेत. सात मोठे आणि बरेच लहान. समुद्रतळाचा जुना, थंड होऊन जड झालेला भूपट्ट दुसऱ्याखाली बुडू लागला की स्वतःच्या वजनाने मागचा सगळा भूपट्ट ओढत नेतो. भूपट्टांना चालवणारा सर्वात मोठा जोर हाच, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो आहे. तुम्ही, मी, गंगापूर धरण, सगळेच त्यावर बसून चाललो आहोत.

आता तुटणं कसं ते पाहू. तुमच्या बागेतली द्राक्षाची पक्की काडी दोन्ही टोकांना धरून हळूहळू वाकवा. ती बराच वेळ वाकत राहते, तुम्ही लावलेला जोर तिच्यात साठत जातो आणि एका क्षणी काडकन मोडते. मोडल्यावर दोन्ही तुकडे झटक्यात सरळ होतात. भूपट्टांच्या कडा एकमेकींना घासून अडकतात, मागून भूपट्ट ढकलत राहतो, कडेचा खडक वर्षानुवर्षं वाकतो, आणि शेवटी जुन्या भेगेवर घसरतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी रीड या अमेरिकी भूभौतिकीतज्ज्ञाने भूकंपाआधीची आणि नंतरची जमीनमोजणी ताडून हाच सिद्धांत मांडला. तिथे काही ठिकाणी कुंपणं आणि रस्ते भेगेच्या दोन बाजूंना सुमारे ६ मीटर सरकले होते. त्या सॅन अँड्रियास भेगेवर दोन भूपट्ट एकमेकांना घासून समांतर जातात. तिथे मोठे भूकंप होतात, पण त्या घासण्यातून ज्वालामुखी तयार होत नाहीत, कारण खडक वितळायचं कारणच तिथे नाही.

काडी ओली, लवचीक असेल तर मोडत नाही, नुसती वाकते. खडकाचंही तेच. खंडांच्या खाली साधारण १५-२० किलोमीटरनंतर खडक इतका तापलेला असतो की तुटण्याऐवजी सावकाश पसरतो. म्हणून आपल्यासारख्या प्रदेशातले बहुतेक भूकंप उथळ असतात. समुद्रतळाचा थंड भूपट्ट जिथे खाली बुडतो, तिथे मात्र तो थंडपणा घेऊनच जातो आणि सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत भूकंप नोंदले जातात. जपानच्या कियू वादाती यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खोल भूकंप आधी दाखवून दिले, आणि पुढे ते तिरप्या उतरत्या पट्ट्यात मांडलेले दिसले. बुडणाऱ्या भूपट्टाची वाटच भूकंपांनी आखून दिली.

वितळणं याहून अवघड आहे, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं, खडक वितळायचा तर त्याला आणखी तापवायला हवं. पृथ्वीत बहुतेक वेळा तसं घडत नाही. खडक आधीच पुरेसा गरम असतो. वरच्या खडकाच्या दाबाने तो घन राहिलेला असतो. दाब कमी झाला तर तो आहे त्याच तापमानाला वितळू लागतो. समुद्राच्या मध्यावर दोन भूपट्ट दूर जातात, मधली जागा भरायला खालचा खडक वर येतो, वर येताना दाब उतरतो आणि शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, तयार होतो. आइसलँड अशाच जागेवर आहे.

दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्राखालून गेलेला भूपट्ट आपल्या खनिजांमध्ये पाणी बांधून नेतो. साधारण १०० किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटून वरच्या गरम प्रावरणात शिरतं, आणि पाणी मिसळलं की खडकाचा वितळणबिंदू बराच खाली येतो. तिथून निघालेला शिलारस वर येऊन ज्वालामुखींची रांग तयार करतो. जपान आणि इंडोनेशियाचे ज्वालामुखी असेच झाले. अंदमान समुद्रातलं आपलं बॅरन बेट याच रांगेत आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तोच, आणि १९९१ पासून तो अधूनमधून उद्रेक करतो आहे.

२६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा-अंदमानचा भूकंप याच सीमेवरचा. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली आणि त्सुनामी आली. ती भेग पश्चिमेकडे, उथळ भागात, जिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासतात तिथे आहे. ज्वालामुखींची रांग त्यापासून पूर्वेला, जिथे बुडणारा भूपट्ट पाणी सोडण्याइतका खोल गेलेला आहे तिथे. पुस्तकातल्या नकाशावर हे अंतर दिसत नाही, दोन्ही ठिपके एकमेकांवर पडतात. पॅसिफिकभोवतीचा जो पट्टा मुलीने पाठ केला असेल, त्याचंही असंच आहे.

आता हिमालयाकडे पाहा. भारतीय भूपट्ट तिथे वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने दाबला जातो. १५ ऑगस्ट १९५० चा आसामचा ८.६ तीव्रतेचा भूकंप तिथलाच आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ तीव्रतेचाही तिथलाच. एवढं तुटतं, तरी जागृत ज्वालामुखी हिमालयात एकही नाही. कारण आज तिथे दोन खंड भिडले आहेत. पाणी घेऊन खोल बुडणारा समुद्रतळ मधून केव्हाच संपला. तुटतंय भरपूर, वितळत मात्र नाही. शिक्षकांनी भूपट्ट शिकवताना जपानच्या शेजारी हिमालय ठेवून शिकवलं तर अर्ध्या शंका वर्गातच मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकची गोष्ट याच्या बरोबर उलट. आपल्याकडे एके काळी प्रचंड वितळलं, तेही आजच्या भूपट्टांच्या कुठल्याही सीमेवर नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा प्रवाह पसरले. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात बाहेर पडला असं आताची कालमापनं सांगतात. झिजून उरलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि माथ्यावर खड्डा, हे चित्र इथे डोक्यातून काढा. लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरला. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी जो लाव्हा सापडतो, त्याचं वय आणि रासायनिक घडण दख्खनच्या प्रवाहांशी जुळते. काही प्रवाह एवढे लांब वाहत गेले असं मानलं जातं. म्हणजे गोदावरी उगम पावते त्याच दगडात आणि समुद्राला मिळण्याआधी भेटते त्याच दगडाला.

ब्रह्मगिरी हे अशा आडव्या प्रवाहांचे एकावर एक रचलेले थर आहेत. बसाल्टचा टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर उताराचा होतो, आणि पाऊस लाखो वर्षं कोरत गेला की त्र्यंबकसारखं अर्धगोल खोरं तयार होतं. ते पाहून लोकांना ज्वालामुखीचं मुख आठवतं. अंजनेरी, साल्हेर, रामशेज, कुठेही जा, कड्यात आडव्या रेघा दिसतील. त्या प्रवाहांच्या सीमा आहेत. मधूनच तांबडा पट्टा दिसतो. बोअरवाले त्याला गेरू लागला म्हणतात. एक प्रवाह थंड झाला, उघड्यावर झिजला, त्याची माती झाली आणि मग वरून पुढचा प्रवाह आला, याची ती खूण. उद्रेक सलग चालू नव्हता, मध्ये मोठ्या विश्रांती होत्या, हे आपल्याला त्या गेरूवरून कळतं.

मुलीला एकदा पांडवलेणीला घेऊन जा. लेणी पाहून झाली की भिंतीच्या दगडाला नाक लावून पाहायला सांगा. बारीक बारीक भोकं दिसतील. काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. लाव्हा वर येताना दाब उतरला, त्यातला वायू बुडबुड्यांनी सुटू लागला, आणि ते बुडबुडे थिजले. असा खडक आपल्याकडे मांजऱ्या म्हणून ओळखतात. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक भरले. याच डोंगराच्या परिसरातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरला गारगोटी संग्रहालयात ते जवळून पाहता येतात.

माझ्या मते याहून बोलका दगड थळ घाटात आहे, कसाऱ्याच्या बाजूला. काळ्या खडकात फेल्डस्पारचे फिकट, लांबट स्फटिक, काही बोटाच्या पेराएवढे, वाटेल तसे पसरलेले दिसतात. एवढे मोठे स्फटिक लाव्हा जमिनीवर थिजताना वाढूच शकत नाहीत, तेवढा वेळच मिळत नाही. ते खाली शिलारसाच्या कोठारात सावकाश वाढले आणि मग लाव्ह्याबरोबर वर आले. खाली शिलारस साठला होता याचा तो पुरावा, पण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो साठा केव्हाच थिजून कातळ झाला आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांना स्थानिक नावं दिली आहेत. एका थरसमूहाचं नाव इगतपुरी आहे, आणि ते जगभरच्या शोधनिबंधांत वापरलं जातं. इगतपुरीच्या मुलांना हे माहीत असायला हवं.

मग तो उष्णतेचा उगम गेला कुठे? तो जागेवरच आहे, आपणच पुढे आलो. प्रावरणातून गरम खडकाचा खांब वर येतो, भूपट्टाखाली दाब उतरून वितळतो, आणि भूपट्ट त्यावरून सरकत राहतो. म्हणून मागे ज्वालामुखींची माळ राहते. आपली माळ समुद्रात आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस असा समुद्राखालचा डोंगरकणा दक्षिणेकडे जातो. मालदीवजवळ समुद्रतळ खोदून काढलेल्या लाव्ह्याचं वय सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षं निघालं, चागोसजवळ ४ कोटी ९० लाख. मॉरिशस ८० लाख वर्षांच्या आसपासचं, आणि माळेच्या टोकाला रियुनियन बेट, जिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वारंवार उसळतो. नाशिकपासून रियुनियन सुमारे ५ हजार किलोमीटर. हे अंतर ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा: वर्षाला साडेसात सेंटिमीटर. मधल्या काळात आफ्रिकेचा भूपट्टही सरकला, शिवाय तेव्हा भारताचा वेग आजच्या कितीतरी पट होता, म्हणून हा हिशेब ढोबळ. पण मुलीला वहीत करायला द्या, पाठांतरापेक्षा जास्त लक्षात राहील. दख्खनच्या उद्रेकात या खांबाचा वाटा किती आणि भारत-सेशेल्स वेगळे होताना भूपट्ट ताणला गेला त्याचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. आज नाशिकखाली वितळण्याचं कुठलंच कारण उरलेलं नाही, यावर मात्र वाद नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं पाहून शंका येत असेल तर तीही सोडा. खोल भेगांतून गेलेलं पावसाचं पाणी तिथे तापून वर येतं.

राहिले धक्के. भारतीय भूपट्ट उत्तरेला हिमालयात अडलेला आहे आणि मागून जोर चालूच आहे. तो दाब सगळ्या द्वीपकल्पात पसरतो. भूपट्टाच्या आत शेकडो कोटी वर्षं जुन्या, झाकल्या गेलेल्या भेगा आहेत. दाब त्यांच्यावर येतो आणि एखादी थोडी सरकते. विशेष म्हणजे हे आपल्या बसाल्टमध्ये नाही, त्याच्या खाली घडतं. किल्लारीला भूकंपानंतर खोदलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बसाल्ट संपला आणि खाली प्राचीन ग्रॅनाइट वर्गातला खडक लागला. कोयनेच्या खोल बोअरमध्येही बसाल्टखाली तोच पाया लागला आणि तिथले भूकंप त्या पायाच्या खडकात होतात. लाव्हा हे वरचं पांघरूण आहे. मोडतो तो खालचा.

पाण्याचाही यात हात असतो. भेगेत पाणी दाबाने शिरलं की दोन्ही बाजूंची पकड सैल होते. कोयनेचा जलाशय भरल्यानंतर तिथे धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, हे जगभर अभ्यासलेलं उदाहरण आहे. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली; तिचा संबंधही भूभौतिकीतज्ज्ञांनी पावसाच्या झिरपणाऱ्या पाण्याशी जोडला आहे. पाणी ताण निर्माण करत नाही, आधीच ताणलेल्या भेगेला घसरायला वाट करून देतं.

"लहान धक्के बसून गेले म्हणजे मोठा टळला" असं गावात हमखास म्हणतात. हिशेब करून पाहा. तीव्रता एकने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ३ तीव्रतेचा धक्का आणि किल्लारीचा ६.२ यांच्यात ऊर्जेचा फरक ६० हजार पटींहून जास्त. तेवढी ऊर्जा लहान धक्क्यांनी सुटायची तर साठ हजार धक्के बसायला हवेत. उलट, लहान धक्के बसले म्हणजे मोठा येणारच, हेही खरं नाही. अमुक दिवशी भूकंप होईल असं आज जगात कोणीही सांगू शकत नाही. मोबाइलवर तारखेसकट फिरणारा कुठलाही इशारा खोटा समजा.

दुसरी गोष्ट आवाजाची. उथळ लहान भूकंपाचा आवाज येतो, हे खरं. पण आपल्याकडे लढाऊ विमानांचा ध्वनिस्फोटही खिडक्या हादरवतो. हादरा फरशीतून, पायांतून आला असेल तर वेळ मिनिटासकट लिहून ठेवा आणि नोंद तपासा. दिंडोरी रोडवरच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन) संस्थेत भूकंपमापक आहे, आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची यादी सगळ्यांना खुली आहे. यंत्रावर नोंद नसेल तर तो बहुधा हवेतला आवाज.

शेवटी तुमचं घर. भूकंपक्षेत्रांच्या २००२ च्या नकाशात नाशिक झोन ३ मध्ये येतं, म्हणजे मध्यम धोक्यात. किल्लारी १९९३ पूर्वी सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं, हे विसरू नका. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे सुमारे १० हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर अंगावर आलं. ६.२ चा भूकंप जपानमध्येही होतो, पण तिथे एवढी माणसं मरत नाहीत.

तुमच्याकडे काळी माती आहे, तेव्हा पाया मातीत थांबवू नका, मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्या. विटांचं भारवाहू बांधकाम असेल तर प्लिंथ, लिंटेल आणि छताच्या पातळीवर चारही भिंतींना सलग बांधणारा आरसीसीचा पट्टा हवा. तो दारापाशी तोडू देऊ नका. कॉलम-बीमचं असेल तर काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः जाऊन कॉलमच्या रिंगा पाहा. रिंगेची दोन्ही टोकं काटकोनात नुसती दुमडलेली नकोत, १३५ अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात घुसलेली हवीत. भूकंपात वरचं आवरण उडालं की काटकोनी टोकं उघडतात आणि सळया बाहेर फुगतात. कॉलम आणि बीम जुळतात तिथे रिंगा जवळजवळ हव्यात. सेंटरिंगवाला तिथेच त्या गाळतो, कारण हात जात नाही. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवून वर खोल्या काढणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून झोन ३ चा हिशेब करून घ्या. भुजचा २००१ चा भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या इमारती पडल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या बऱ्याच होत्या. पाया खणून झाला की खड्ड्यातल्या खडकाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. काळा पाषाण लागलाय, मांजऱ्या की मुरूम, ते सांगतो.